वाढती कबर

"देखो मियाँ! देखो भाऊ! सुबह का नाप देखा, अब दोपहर का नाप देखो!"

दोरीवाल्या बाबानं दोरीचं एक टोक कबरीच्या उशाशी दाबून धरलं. दुसरं टोक त्याचा चेला पायथ्याकडे ओढत घेऊन गेला. कबरस्तानात जमलेली माणसं माना लांब करून पुढं झुकली. दोरी पुरली नाही. कबरीच्या कडेपर्यंत पोचायला चांगली चार बोटं कमी पडली. आणि सकाळी हीच दोरी, ह्याच माणसांच्या देखत, कबरीला बरोब्बर लावून कापलेली होती!

"बढ गए! बुजुर्ग चार उंगली बढ गए!" बाबा ओरडला. बुजुर्ग म्हणजे ह्या कबरीतले, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, शहीद झालेले पीर.

गर्दीत एकच गलका उठला. कुणी दुवा मागायला हात पसरले, कुणी हात जोडले. बाबा आल्यापासून बायांना आत मज्जाव होता. त्या कठड्याबाहेर उभ्या राहून डोळे पुसत होत्या. कामतघरचे लूम कामगार शिफ्ट बुडवून आलेले, अंजूरचे शेतकरी नारळ घेऊन आलेले, मोहल्ल्यातले कोकणी मुसलमान व्यापारी चादरी घेऊन आलेले. अठ्ठ्याऐंशी साल होतं. भिवंडीतल्या दंगलीला फार वर्षं झाली नव्हती. एवढे हिंदू आणि एवढे मुसलमान एका आवारात, खांद्याला खांदा लावून, निमूट उभे आहेत, हे दृश्य मी त्यानंतर प्रथमच पाहत होतो. खरा चमत्कार मला तोच वाटला. पण तो बाबानं केलेला नव्हता.

मी डॉक्टर. नारपोलीत माझा दवाखाना. सुताचा धुरळा खाऊन खोकणारी माणसं हेच माझं रोजचं काम. मी त्या गुरुवारी तिथं गेलो तो भक्तीनं नव्हे. माझे काही क्षयाचे रोगी गोळ्या सोडून ह्या कबरीच्या नादी लागले होते आणि मला ते औषध कसलं आहे ते पाहायचं होतं.

मी गर्दीतून वाट काढत पुढं गेलो. "बाबा, माझ्याकडे टेप आहे. एकदा त्यानं मोजून बघू या का?"

बाबानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कबरीवर थुंकलोच.

"लोहा?" तो गर्दीकडे वळला. "सुना आपने? जिस लोहे की तलवार से हमारे बुजुर्ग शहीद हुए, डॉक्टरसाब वही लोहा उनके बदन को लगाएंगे!"

"टेप कापडाचा आहे."

"टोक को क्या लगा है?"

टोकाला पत्र्याची पट्टी होती. मी टेप खिशात घातला. पण मनात शंकेनं घर केलं. मोजायला बोलावतो आणि माप मात्र आपलंच वापरायला लावतो, असा दुकानदार भेटला तर आपण पिशवी उचलून चालू लागतो. देवाच्या दारात मात्र आपण पिशवी खाली ठेवतो.

बाहेर पडताना फाटकाशी एक बाई उभ्या होत्या. चेहरा उतरलेला, नजर मात्र कबरीच्या पायथ्याकडे खिळलेली.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही टेप काढलात ते पाहिलं," त्या म्हणाल्या. "मी अतिया. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. तुम्हाला एक विचारू? ह्या कबरीच्या दक्षिणेला दगडांची एक रांग होती, ती तुम्ही कधी पाहिली होती?"

मी पाहिली नव्हती. मग त्यांनी सांगितलं. हे कबरस्तान शहरातलं सगळ्यात जुनं. भिवंडीच्या खाडीत गलबतं लागत होती त्या काळातले नाखवे, म्हणजे गलबतांचे कप्तान, इथं पुरलेले. त्यांच्या उशाला काळ्या पाषाणाचे दगड, आणि प्रत्येक दगडावर ज्याचं त्याचं गलबत कोरलेलं. कुणाचं एका डोलकाठीचं, कुणाचं दोन डोलकाठ्यांचं. अतियाबाई दरवर्षी मुलींना इथं आणत, दगडांची चित्रं काढायला लावत. हे जपलं पाहिजे, सरकारनं इथं पाटी लावली पाहिजे, असं त्या कधीपासून म्हणत होत्या. कुणी ऐकत नव्हतं.

"आणि आता?"

"आता बुजुर्ग वाढतात ना! वाढले की बाबा पायथ्याला विटा लावून चुना फासतो. म्हणतो, पाय उघडे पडले, झाकले पाहिजेत. मग आड येणारा दगड काढावा लागतो. तीन नाखवे गेले. बाबा म्हणतो, अदबीनं भिंतीकडे नेऊन ठेवले." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "जाऊन बघा. तिथं काही नाही."

मी पाहून आलो. भिंतीपाशी घाणेरीची झुडपं होती, बाकी काही नव्हतं.

"आणखी एक," अतियाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मी लहानपणापासून इथं येते. एवढी मोठी कबर इथं मी कधीच पाहिली नाही."

कबरस्तानाचे विश्वस्त मुनीरसेठ हे अतियाबाईंचे सख्खे मामा. पन्नाशी ओलांडलेले, लूमचे मालक, पाच वेळचे नमाजी, आणि सरळ माणूस. दोरीसाठी कोरं सूत दर गुरुवारी त्यांच्याच कारखान्यातून जाई. आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. लूमच्या खडखडाटातून त्यांनी आम्हाला मागच्या खोलीत नेलं, चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं.

"झुडपांत दिसली नसेल कबर," ते म्हणाले. पण त्यांचा आवाज पक्का नव्हता.

"मामू, तीन दगड गेले."

"दगड जातील, अतिया. माणसं येतायत ते बघ ना." त्यांनी कप खाली ठेवला. "दंगलीत अंजूरचा रस्ता आपल्याला बंद झाला होता, आपला मोहल्ला त्यांना बंद. आता सीताबाईसारखी म्हातारी माझ्या हातचं पाणी पिते, माझ्या पोरांना दुवा देते. ही कबर त्यांना इथं आणते. तू म्हणतेस मोडून टाक?"

खोट्या गोष्टीतून काही चांगलं उगवलं असेल तर ते उपटायचं कसं? त्या दिवशी आम्ही चहा पिऊन परत आलो.

ही सीताबाई अंजूरची. तिची मुलगी पार्वती माझ्याकडे क्षयाच्या उपचाराला होती. बरी होत आली होती आणि अचानक यायची बंद झाली. म्हणून रविवारी रिक्षा करून मी अंजूरला गेलो. शेतांच्या मध्ये नवी गोदामं उभी राहत होती. सीताबाईचं घर त्यांच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला.

पार्वती ओसरीवर बसली होती. अंगावर मांस उरलं नव्हतं. खोकून झाल्यावर ती पदराचा कोपरा मुठीत दडवत होती. मला त्यात काय आहे ते पाहायची गरज नव्हती.

"गोळ्या कुठं आहेत?"

"गोल्या आता कशाला, डाक्टर?" सीताबाई म्हणाली. "पीरानं हात धरलाय पोरीचा. हे बघा."

पार्वतीच्या मनगटावर सुताचा गंडा होता. बाबा सकाळच्या दोरीचं उरलेलं सूत तोडून असे गंडे बांधत असे. त्याच्याखाली मनगटाला लाल वळ उठला होता, कातडी सोलवटली होती.

"हे काय झालं?"

"आवळतो तो," पार्वती म्हणाली. "आपोआप. बाबा बोल्ला, आवळला की समजायचं पीर हाय, हात सोडला न्हाय."

"सारखा आवळतो?"

"न्हाय. भांडी घासाया बसले, कापडं धुवाया बसले की आवळतो."

"मग सैल कधी होतो?"

ती विचारात पडली. "सुकला की."

मला काहीतरी उमगल्यासारखं झालं, पण नीट हाताला लागेना. गंडा कापू का म्हणून विचारलं, तर सीताबाई मुलीच्या पुढं उभी राहिली. "त्याला हात लावू नका, डाक्टर. पाया पडते." मी कापला नाही. गोळ्या ठेवल्या, आणि त्या ती खाणार नाही हे जाणून उठलो.

परतताना चांगदेवच्या गोदामासमोर रिक्षा थांबली. आडवा टेम्पो उभा होता. चांगदेव हा अंजूरचाच जमीनदार, हल्ली गोदामांचा कंत्राटदार. टेम्पोत गोणपाटात गुंडाळलेला एक लांबोडा दगड चढवत होते. गोणपाट एका बाजूनं घसरलं होतं. काळ्या पाषाणावर दोन डोलकाठ्या आणि फुगलेलं शीड स्पष्ट दिसत होतं.

"हा कुठला?" मी विचारलं.

"जुना हाय, डॉक्टर. पडून हुता." चांगदेव हसला. "मुंबईच्या एका शेटला बागेत लावाया पायजे. बाबांनीच दिला."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी अतियाबाईंना प्रयोगशाळेत गाठलं. आधी दगडाचं सांगितलं. त्यांचे ओठ घट्ट मिटले. मग पार्वतीच्या मनगटाचं सांगितलं. भांडी घासताना आवळतो, सुकला की सैल होतो, हे ऐकताच त्या खुर्चीवरून उठल्या.

"ओला झाला की आवळतो," त्या म्हणाल्या. "डॉक्टरसाहेब, बाबा दुपारच्या मापाआधी दोरीचं काय करतो?"

"गुलाबपाण्यात बुडवतो. गुस्ल, म्हणजे स्नान, देतो म्हणतो."

"आणि सकाळी?"

"सकाळी कोरडी."

त्यांनी कपाटातून कोऱ्या सुताचं रीळ काढलं. चार-पाच पदर एकत्र घेऊन आम्ही दोघांनी दोन टोकांनी पीळ भरला, अगदी हाताला रग लागेपर्यंत. मग ती दोरी टेबलाच्या लांबीला लावून कापली. दोरी टेबलाएवढी, ना कमी ना जास्त. अतियाबाईंनी ती नळाखाली धरली, निथळली आणि पुन्हा टेबलावर ताणली.

टेबल "वाढलं" होतं. दोन बोटं.

मी हसलो. अतियाबाई हसल्या नाहीत. "कोरं सूत पाण्यात गेलं की फुगतं," त्या म्हणाल्या. "जाड होतं. पीळ घट्ट असेल तर जाड होताना लांबीत आटतं. कबर वाढत नाही. दोरी आटते. आणि कुठल्या गावात हे चाललंय, तर भिवंडीत! जिथं कोरं कापड धुतल्यावर आटतं हे शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक आहे!"

"मग कुणाच्याच ध्यानात कसं आलं नाही?"

"सगळे कबरीकडे बघत होते ना. दोरीकडे कोण बघतो?"

तसेच आम्ही मुनीरसेठकडे गेलो. त्यांच्याच सुताची दोरी त्यांच्याच टेबलावर कोरडी मोजली, ओली मोजली. चांगदेवच्या टेम्पोचं सांगितलं. त्यांनी ओल्या दोरीचा पीळ बोटांनी चाचपून पाहिला.

"माझं सूत," ते एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "पण अंजूरची माणसं..."

ह्या वेळी अतियाबाईंकडे उत्तर होतं. "मामू, हे कधीतरी उघडं पडणारच. आज आपण पाडलं नाही, तर उद्या दुसरं कुणी पाडेल. मग अंजूरचे लोक काय म्हणतील? मुसलमानांनी आपल्या कबरस्तानात बोलावून आम्हाला फसवलं. तुमचं सूत होतं हेही म्हणतील. आणि तिकडे एक मुलगी गोळ्या सोडून रक्त ओकतेय."

मुनीरसेठनी दोरी उचलून खिशात ठेवली. "जुमेरातला ये," ते म्हणाले. "पण बाबाला मी बोलेन. विश्वस्त मी आहे."

गुरुवारी सकाळी बाबानं नेहमीप्रमाणे दोरी वळवून घेतली, कबरीला लावून कापली आणि कडुलिंबाला टांगली. त्याच वेळी फाटकाबाहेर, बायांच्या गराड्यात, अतियाबाईंनी त्याच सुताची दुसरी दोरी वळली आणि चहावाल्याच्या बाकड्याला लावून कापली. "हे कशाला, ताई?" बाया विचारत होत्या. "दुपारी सांगते," त्या म्हणाल्या. सीताबाई त्या घोळक्यात होती. पार्वती भिंतीला टेकून बसली होती.

दुपारी बाबानं पितळेच्या घंगाळात दोरी बुडवली. लोबानचा धूर, चेल्याचा गजर, आणि बाबाची बडबड सुरू. "सुबह ये सूत दुनिया का था! गुलाबजल पिया, अब दरबार का हो गया! आता बघा, भाऊ, बुजुर्ग कशे अंग मोकळं करतात!"

दोरी पुरली नाही. "बढ गए!"

"थांबा," मुनीरसेठ म्हणाले. ते कधी मोठ्यानं बोलत नसत, म्हणून सगळे थांबले. "फाटकाकडे बघा सगळे."

अतियाबाईंनी आपली दोरी चहावाल्याच्या बादलीत बुडवली. साधं नळाचं पाणी. वर काढून निथळली. एक टोक सीताबाईच्या हातात दिलं. "बाकड्याच्या ह्या कडेला धरा, मावशी. सकाळी बरोबर होती ना?"

"व्हय. मीच बघितली."

अतियाबाईंनी दुसरं टोक ताणलं. बाकड्याची कड दोन बोटं पुढं राहिली.

मग कामतघरच्या एका कामगारानं मोठ्यानं विचारलं, "बाकडापण पीर हाय काय?"

हशा पिकला. लोक बाकड्याकडे धावले. दोरी ह्या हातातून त्या हातात गेली. "आटली रे!" कुणीतरी म्हणालं. "खाट सैल झाली की पाणी मारतो तसं." आणि हे म्हणताच शंभर माणसांच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला.

"शैतान का काम!" बाबा ओरडला. "औरत ने जादू किया है! बाकडा अलग, बुजुर्ग अलग!"

"ठीक," मुनीरसेठ म्हणाले. त्यांनी खिशातून कोरडी दोरी काढली; सकाळी टांगलेल्या दोरीला लावून त्यांनी ती तेवढीच कापून ठेवली होती. "सकाळची दोरी कोरडी होती. आताही कोरडी लावून बघा. बुजुर्ग वाढले असतील तर कोरड्या दोरीलाही वाढलेच असतील."

"सूखी डोरी दुनिया की होती है! दरबार में नहीं चलती!"

"मग सकाळी कशी चालली?"

मुनीरसेठनी खाली वाकून, सकाळच्याच खुणेवर, कोरडी दोरी स्वतः लावली. कबर सकाळएवढीच होती. जराही कमी नाही, जराही जास्त नाही.

काही तरुण बाबाच्या अंगावर धावले. मुनीरसेठ मध्ये उभे राहिले. "हात लावायचा नाही. कबरस्तान आहे हे." त्या क्षणी बाबाची दरबारी हिंदी गळून पडली. "मारू नका हो," तो चक्क शुद्ध मराठीत म्हणाला. "दगडांसाठी आलो होतो. चांगदेवशेठनी सांगितलं होतं, दगड काढून दे. असे कुणी काढू दिले नसते. म्हणून..."

म्हणून पीर वाढवला. पोलीस येऊन त्याला घेऊन गेले.

त्या संध्याकाळी मुनीरसेठनी कबरीवरचा नवा चुना आणि विटा काढायला लावल्या. त्यांनी बायांनाही आत घेतलं. विटांखाली पूर्वीचा दगड निघाला. तो एवढासा होता. वीतभर रुंद, दीड हात लांब. अतियाबाईंनी गुडघ्यावर बसून माती पुसली. अक्षरं अर्धी झिजली होती. कुणा नाखव्याच्या मुलीचं नाव होतं, आणि खाली एक छोटंसं होडकं, पोरांच्या खेळण्यातलं असावं तसं. ज्याला सगळे महाकाय शहीद म्हणून हात जोडत होते, ती एक लहान मुलगी होती.

सीताबाईनं पार्वतीचा हात धरून माझ्यापुढं केला. "कापा, डाक्टर."

मी गंडा कापला.

पुढचं सगळं काही गोड झालं नाही. पार्वतीला सुरुवातीपासून सगळे उपचार पुन्हा घ्यावे लागले, मधे एकदा तिची आशा सुटली होती. पण ती वाचली. गुरुवारची गर्दी ओसरली. मुनीरसेठची भीती अगदीच खोटी नव्हती. मोहल्ल्यातल्या काहींनी अतियाबाईंशी बोलणं टाकलं. दोन नाखव्यांचे दगड मुंबईत कुठं गेले ते कळलंच नाही.

पण तिसरा दगड परत आला. मुंबईच्या शेटला तो तडकलेला म्हणून नको होता आणि चांगदेवच्या गोदामात धूळ खात पडला होता. सीताबाईनं अंजूरमध्ये घरोघर जाऊन सांगितलं, "मेलेल्याच्या उशाचा दगड चोरून ठेवलाय, आपल्या गावात." चांगदेवला तोंड दाखवणं मुश्कील झालं. एका सकाळी अंजूरची माणसं त्याच्याच टेम्पोत दगड घालून कबरस्तानाच्या फाटकाशी आली. ना नारळ, ना चादर. मुनीरसेठ आणि ती माणसं, सगळ्यांनी मिळून तो जागेवर बसवला. अतियाबाईंच्या वर्गातल्या मुली उभ्या राहून सांगत होत्या, "थोडा डावीकडे, काका. शीड खाडीकडे होतं."

मला लोक अजून विचारतात, डॉक्टर, तुम्ही श्रद्धा मोडायला का निघालात? मी त्यांना सांगतो, श्रद्धा कुणाची मोडली नाही. मुनीरसेठ आजही पाच वेळा नमाज पढतात, सीताबाई आजही तिच्या देवाला दिवा लावते. मोडली ती फसवणूक. आपले जुने दगड, आपली थडगी, आपले पूर्वज हे सगळं खरं आहे, आणि जपण्यासारखं आहे. त्याला मोठं करायला खोट्या चार बोटांची गरज नाही. कुणी तुम्हाला चमत्कार मोजून दाखवायला लागला, तर चमत्काराकडे नंतर बघा. आधी त्याच्या हातातली दोरी बघा. ती ओली आहे की कोरडी, ते विचारा. विचारू देत नसेल, तर उत्तर मिळालं म्हणून समजा, आणि आपल्या आजारी माणसाला घेऊन दवाखान्यात या.